पुढचं डावं की मागचं उजवं

आप्पांनी तीन ठिकाणं सांगितली होती: येडशीचं रामलिंग, अणदूरचा खंडोबा आणि उमरग्याचा मेहबूब. यातली दोन देवळं आहेत आणि तिसरं टायरचं दुकान, पण आप्पांनी तिन्ही नावं एका दमात आणि सारख्याच भक्तिभावानं घेतली. "एवढं दाखवून आण, मग म्या काय मागणार न्हाय," असंही म्हणाले. हे वाक्य ते गेली दोन वर्षं दर महिन्याला म्हणतात आणि पुढच्या महिन्यात काहीतरी मागतात.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर, मूळ गाव अणदूर, आयुष्य गेलं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवण्यात. आई गेल्यापासून ते पुण्यात माझ्याकडे राहतात. मी शाळेत गणित शिकवते, एकटी राहते, आणि मला कुठल्याही यंत्राबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची सवय आहे. मिक्सरचंही वाचते. आप्पांना याचं फार हसू येतं.

प्रवासाचं खरं कारण मात्र वेगळं होतं आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. दिवाळीनंतर मी आप्पांना डॉक्टरांकडे नेलं होतं. गेल्या सहा महिन्यांत ते भाजीत दोनदा मीठ घालत होते, दुपारी जेवून पुन्हा जेवायला बसत होते, आणि एकदा खालच्या मजल्यावरच्या घराची कडी वाजवत उभे राहिले होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आप्पांना बाहेर बसवलं आणि मला सांगितलं की हा विसराळूपणाचा आजार आहे, सुरुवात आहे, हळूहळू वाढेल. बाहेर आल्यावर आप्पांनी विचारलं, "काय म्हणलं गं?" मी म्हटलं, "जीवनसत्त्व कमी आहे." तेव्हापासून ते रोज सकाळी एक गोळी मुकाट्यानं घेतात. नागपूरचा भाऊ फोनवर सारखा म्हणत होता, त्यांचा आजार आहे, त्यांना सांग. मला ते जमत नव्हतं. शेवटी ठरवलं की या प्रवासात सांगायचं. दोन दिवस गाडीत शेजारी शेजारी बसणार, कुठेतरी जमेल. माझ्या मनाची तयारी एवढीच होती.

येडशी

पौष सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. पहाटे निघालो तेव्हा पुण्यात धुकं होतं. बार्शी सोडल्यावर ज्वारीची उभी रानं सुरू झाली, कणसं दुधावर आलेली. आप्पा काच खाली करून वाऱ्यात हात धरून बसले. येडशी पाच-सहा किलोमीटरवर असताना समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. आडव्या चिरलेल्या टायरचं चित्र, म्हणजे साधारण घोड्याच्या नालेसारखा आकार, आणि मध्ये उद्गारचिन्ह.

हे काय असतं ते सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या गाडीत तो दिवा आहे आणि त्यांना तो कसला ते ठाऊक नाही. प्रत्येक चाकात, हवा भरायच्या नळीच्या आतल्या टोकाला, अंगठ्याएवढी एक डबी बसवलेली असते. तिच्यात हवेचा दाब मोजणारा सेन्सर, स्वतःची बारकी बॅटरी आणि रेडिओच्या लहरी सोडायची सोय असते. चाक फिरायला लागलं, किंवा उभ्या गाडीतही हवा एकदम कमी-जास्त झाली, की ती जागी होते आणि थोड्या थोड्या वेळानं आतल्या हवेचा दाब गाडीला कळवते. चाक सतत फिरणारं, तिथं तार कशी नेणार? म्हणून रेडिओ. ठरल्या दाबापेक्षा हवा साधारण पाव हिश्शानं कमी झाली की दिवा लागतो. स्वस्तातल्या गाड्यांत डबी नसते. तिथं गाडी नुसती चाकांच्या फेऱ्या मोजते, कारण हवा कमी झालेलं चाक किंचित बुटकं होतं आणि तेवढ्याच रस्त्याला जास्त फेऱ्या मारतं. माझ्या गाडीत डब्या आहेत आणि पडद्यावर चारही चाकांचे आकडे दिसतात.

माझ्या गाडीला हवा तेहतीस पाउंड लागते. रस्त्यावर चाकं तापली की आतली हवाही तापते आणि आकडे वर चढतात. त्या दुपारी तीन चाकं छत्तीसवर होती आणि पुढचं डावं सव्वीसवर.

"पुढच्या डाव्याची हवा चाललीय, आप्पा," मी म्हटलं आणि गाडी कडेला घेतली.

आप्पा खाली उतरले. डिकीतून जॅकचा दांडा काढला आणि चारही चाकांवर एकेक टोला मारत गाडीला फेरी घातली. ट्रकला मागं दोन-दोन चाकं चिकटून असतात, आतल्याची हवा गेलेली बाहेरून दिसत नाही. म्हणून ट्रकवाले वाजवून बघतात. भरलेलं चाक दांडा परत फेकतं आणि टणक वाजतं, उतरलेलं मऊ वाजतं. माझ्या लहानपणी आप्पा मला हे शिकवायचे आणि मला सगळी चाकं सारखीच वाजायची.

"पुढचं डावं चांगलं हाय," आप्पा म्हणाले. "मागचं उजवं गेलंय."

मी पडदा पुन्हा बघितला. मागचं उजवं छत्तीस. मला वाटलं, आता कानही चालले.

येडशीच्या पंपावर हवेच्या नळीपाशी एक गृहस्थ होते. मी त्यांना पुढच्या डाव्यात हवा भरायला सांगितलं. त्यांनी मापक लावला आणि म्हणाले, "ताई, छत्तीस हाय. भरपूर हाय की."

"तुमचा मापक बिघडलाय," मी म्हटलं. "दोन-तीन पाउंड घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि घातली. आप्पा हळूच म्हणाले, "सुमन, मागच्या उजव्याला बी लाव म्हणावं."

मागं चार मोटरसायकली थांबल्या होत्या. ऊन लागत होतं, भूक लागली होती. मी म्हटलं, "आप्पा, गाडीला कळतं हो."

आप्पांनी दांडा डिकीत नीट ठेवला, दार उघडून आत बसले आणि काच वर केली. तेवढ्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. पडद्यावर त्या वेळी मागच्या उजव्याचा आकडा अडतीस झालेला मी पाहिला होता. उन्हानं झाला असेल, असं म्हणून गणिताच्या बाईंनी तो सोडून दिला.

रामलिंग खाली दरीत आहे. डोंगराच्या कुशीतून पायऱ्या उतरत जायचं, दोन्हीकडे झाडी, आणि तळाशी ओढ्याच्या काठी देऊळ. पुण्याजवळच्या टेकड्यांवर माणसं व्यायामाला चढतात. इथं माणसं देवाला भेटायला उतरतात, त्यामुळे जाताना सगळे हसतमुख आणि येताना सगळे कठड्याला धरून. आप्पा उतरताना माझा हात धरायला तयार नव्हते. मघाशी मी त्यांचा कान मोडीत काढला होता, आता पायही काढायचे का, असा त्यांचा चेहरा होता.

ओढ्याला बारीक धार होती. आप्पांनी पाण्यात पाय सोडले आणि आईची गोष्ट सांगायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदा तिला ट्रकमध्ये बसवून इथं आणलं होतं, आणि तिनं सगळ्या शेंगा माकडांना वाटून टाकल्या होत्या. गोष्ट ऐन रंगात असताना एका वानरानं माझ्या मांडीवरची शेंगांची पिशवी उचलली आणि झाडावर जाऊन बसलं. आप्पा इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. ती गोष्ट त्यांनी बारीकसारीक तपशिलासकट सांगितली, आईच्या लुगड्याच्या काठासकट. मी मनात म्हटलं, आज नको. आज ते हसतायत.

संध्याकाळी धाराशिवला गुलाबजाम खाल्ले. आप्पांनी चार खाल्ले, मी गप्प बसले. मुक्कामाला तुळजापूर गाठलं तेव्हा दिवा तसाच पिवळा होता.

अणदूर आणि नळदुर्ग

सकाळी थंडीनं काचेवर दव होतं. थंडीत सगळ्याच चाकांचे आकडे उतरतात. तिघांचे एकतीस ते चौतीसवर आले होते, त्यात काही विशेष नव्हतं. पुढचं डावं मात्र तेवीसवर गेलं होतं. काल त्यात डोळ्यांदेखत हवा भरली होती. आता मी नवा निष्कर्ष काढला की त्या चाकातली डबीच बिघडली असणार. पुस्तकात लिहिलं होतं की डबी बंद पडली तर दिवा आधी काही वेळ उघडझाप करतो आणि आकड्याच्या जागी रेघा येतात. माझ्या पडद्यावर ना उघडझाप होती, ना रेघा. पण माणसाला एकदा बरोबर असायचं असलं की पुस्तकही हवं तेवढंच आठवतं.

आप्पा आज दांडा काढायला गेले नाहीत. गाडीत बसून नुसते म्हणाले, "चल."

तुळजापूरहून अणदूर फार लांब नाही. गावात शिरताना आप्पा ताठ बसले. ही आमच्या शाळेची जागा, इथं गिरणी होती, इथून उडी मारली होती, असं बोट दाखवत होते. देवळापाशी गाडी लावली. दाराशी एक म्हाताऱ्या बाई भंडाऱ्याच्या पुड्या मांडून बसल्या होत्या. आप्पांनी दोन पुड्या घेतल्या आणि टोपी सारखी केली.

"दर्शनाला आलाव का?" बाईंनी विचारलं.

"व्हय. पुण्याहून आलाव. म्या हितलाच हाय."

"हितले असून असं कसं?" बाई म्हणाल्या. "देव नळदुर्गाला हाईत की आता. पौषी पुनवंची जत्रा झाली की मग येत्यात."

या गावाची ही जगावेगळी रीत आहे. इथला खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला राहतो आणि मार्गशीर्ष-पौषात जवळच्या नळदुर्गला, तिथल्या मैलारपूरच्या देवळात जातो. देव एकच, घरं दोन, आणि दोन्ही गावांनी येण्या-जाण्याचा करार नीट जपलेला. आमच्या पुण्यात दोन भाऊ आईबापांना वाटून घेतात तेव्हा केवढी कटकट होते. इथं देव पालखीत बसून जातो आणि कुणी कुरकुरत नाही.

पण अणदूरचा माणूस हे विसरणं म्हणजे स्वतःच्या घराचं दार विसरणं. मी आप्पांकडे बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा कोरा झाला. मग ते जोरात हसले आणि बाईंना म्हणाले, "आवं, पोरीला गाव दाखवायचं व्हतं म्हणून आणलं. देव तिकडं हाईत ते काय मला ठावं न्हाय व्हय?"

बाई हसल्या. मीही हसले. रिकाम्या गाभाऱ्यापुढं आम्ही दोघांनी हात जोडले. आता सांगायचं, मी मनाशी म्हटलं, आता गाडीत बसल्यावर. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "आप्पा, चहा घ्यायचा का?"

नळदुर्गला देव भेटले. जत्रेची तयारी चालली होती, मांडव पडत होते. आप्पांनी भंडारा उधळला आणि थोडा माझ्या कपाळाला लावला. अंगठा कपाळावर जरा जास्त वेळ टेकून ठेवला. काय मागितलं असं मी विचारलं तर म्हणाले, "कायतरी मागितलं."

उमरगा

उमरगा हे रस्त्याचं गाव आहे. हैदराबादकडे जाणारा आणि तिकडून येणारा माल इथं दम खातो. ट्रकांच्या रांगा, दवाखान्यांच्या पाट्या, टायरचे ढीग, आणि मराठीत मध्येच कानडी. चहावाला पैसे मराठीत मागतो आणि बायकोवर कानडीत ओरडतो.

मेहबूबभाईंचं दुकान रस्त्यालाच आहे. पत्र्याची शेड, दारात जुन्या टायरांचा उंच मनोरा. ते एकेकाळी आप्पांच्या ट्रकवर क्लीनर होते, आता साठीचे झालेत, दाढी मेंदीनं लाल केलेली. त्यांनी आप्पांना गाडीतून उतरताना पाहिलं, हातातला पान्हा खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि येऊन आप्पांच्या गुडघ्याला हात लावला.

"क्या उस्ताद, कित्ते दिनां बाद आये."

आप्पांनी त्यांना ओळखलं. वाटेभर मला तीच धास्ती होती. "दाढी लाल केली म्हणून वळकणार न्हाय वाटलं व्हय तुला?" आप्पा म्हणाले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

घर दुकानाच्या मागंच होतं. भाभींनी आतून सुशीला पाठवलं. चुरमुरे भिजवून, फोडणीत परतून, वर डाळ्याचं कूट घातलेलं. पुण्यात मी हे नाव घेतलं की लोक विचारतात, ही कोण? आप्पांनी दोन बशा संपवल्या. मग मेहबूबभाईंनी मला विचारलं, "बेटी, गाडीचा दिवा कायको लागलाय?"

मी सगळं सांगितलं. पुढचं डावं, सव्वीस, हवा भरली, तेवीस, डबी बिघडली. त्यांनी ऐकून घेतलं आणि आप्पांकडे वळले. "उस्ताद, तुमी वाजवून बघितलं का न्हाई?"

"माझं काय घिऊन बसलास," आप्पा म्हणाले. "गाडीला कळतं म्हणं. माझा कान गेला आता."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी साधं बोलले, खरंच तसं वाटत असल्यासारखं.

मेहबूबभाईंनी कोपऱ्यातली लाकडी मोगरी आणली आणि आप्पांच्या हातात दिली. "नक्को उस्ताद, असं नक्को बोलू. बघा तुमी."

आप्पा उठले. एकेका चाकापाशी वाकून, डोळे मिटून टोला मारत गेले. दुसरी फेरी मारली. मग म्हणाले, "मागचं उजवं."

"आणि गाडी म्हणते पुढचं डावं," मी म्हणाले.

मेहबूबभाई दाढी खाजवत उभे राहिले. "दोगं बी खरं बोलत असतील तर?" ते म्हणाले. "बेटी, आत बस. गाडी चालू कर. आकडे मोठ्यानं वाच."

मी आत बसले. ते मागच्या उजव्या चाकापाशी गेले आणि नळीचं तोंड दाबून थोडी हवा सोडली. फुस्स आवाज आला. पडद्यावर मागचं उजवं जागचं हललं नाही. थोड्या वेळानं पुढच्या डाव्याचा आकडा खाली आला.

"पुढचं डावं एकवीस," मी वाचलं. "मेहबूबभाई, पुन्हा सोडा."

त्यांनी सोडली. पुढचं डावं वीस.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक डबीला स्वतःचा एक नंबर असतो आणि रेडिओवरून ती आपला नंबर आणि आपला दाब एवढंच सांगते. आपण कुठल्या कोपऱ्यात आहोत हे तिला माहीत नसतं. ते गाडीनं लिहून ठेवलेलं असतं, की अमुक नंबर म्हणजे पुढचं डावं. वर्गातल्या बाईंनी बाकांवरून नावं लिहून घ्यावीत आणि पोरांनी मधल्या सुट्टीत बाकं बदलावीत, तसं झालं होतं. कुणीतरी पुढचं डावं चाक मागं उजवीकडे लावलं होतं आणि मागचं पुढं, आणि गाडीला ते कळवलं नव्हतं. पंपावरच्या गृहस्थांचा मापक बरोबर होता. आप्पांचा कान बरोबर होता. चुकलं होतं फक्त माझं.

मी खाली उतरून आप्पांचे दोन्ही हात धरले. "आप्पा, तुम्ही बरोबर होता. मी ऐकायला पाहिजे होतं. चुकले मी."

"बरं झालं खिळा सापडंल आता," आप्पा म्हणाले आणि खुर्चीत जाऊन चहा घ्यायला लागले. पण मान जरा वर झाली होती.

मेहबूबभाईंनी मागच्या उजव्या चाकावरची टोपी काढली. आतल्या नटांवर पांढऱ्या पुसट रेघा होत्या. प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यावर गेलेली एकेक रेघ, बोटानं ओढलेली, चुन्याची.

मी त्या रेघा लहानपणापासून पाहत आलेय. आप्पा चाक लावलं की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन अशी रेघ ओढायचे. पुढच्या थांब्यावर रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट सैल झाला. दुसरं कुणी चुन्यानं असं करताना मी पाहिलेलं नाही, एक मेहबूबभाई सोडून, आणि तेही आप्पांकडूनच शिकलेले.

मग मला आठवलं. तीन-चार आठवड्यांपूर्वी मी शाळेतून आले तर बेसिन काळं झालेलं होतं. आप्पांच्या नखांत काळं होतं. काय करत होता विचारलं तर त्यांना सांगता आलं नव्हतं, आणि मी बेसिनवरून बोलले होते. माझ्या गाडीचा पुढचा डावा टायर जास्त झिजत होता. शहात्तर वर्षांच्या माणसानं भरदुपारी एका जॅकवर, मध्ये जादाचं चाक लावून, दोन चाकं एकट्यानं फिरवली होती, पोरीच्या गाडीचे टायर सारखे झिजावेत म्हणून. आणि ते विसरून गेले होते.

मेहबूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी फडकं घेतलं आणि पाचही नटांवरच्या रेघा पुसल्या. मग मोठ्यानं म्हणाले, "सर्व्हिसिंगला दिली असंल गाडी तवा फिरवली चाकं. न सांगता करत्यात लोकं."

"हो, तेव्हाच झालं असेल," मी म्हणाले.

आप्पा चहा पीत होते.

मागच्या चाकात बोटभर खिळा निघाला. मेहबूबभाईंनी पंक्चर काढलं आणि गाडीच्या यादीप्रमाणे दोन्ही चाकं आपापल्या जागी लावून दिली. गाडीला नवी यादी शिकवायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, आणि चाकं हलवणं त्यांना सोपं होतं. निघताना त्यांनी आप्पांना मिठी मारली. ती बरीच लांबली. पुढच्या भेटीत आप्पा ओळखतीलच असं नाही, हे त्यांना कळलं होतं.

परत

हवा भरल्यावर दिवा लगेच जात नाही. चाकं थोडी फिरावी लागतात. येणेगूर यायच्या आत तो गेला.

"आप्पा, दिवा गेला बघा," मी म्हटलं.

"थांबव जरा गाडी," ते म्हणाले. "तिथं, चिंचंखाली."

मी थांबवली. रस्त्याकडेला करडईचं रान होतं. आप्पा समोरच बघत होते.

"ती रेघ माझी व्हती," ते म्हणाले. "मेहबूबनं पुसली. मला लांबचं अजून चांगलं दिसतं."

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"चाकं म्याच फिरवली असणार. मला काय बी आठवंना. अन् काल देवाचं विसरलो."

"आज सकाळी, आप्पा," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

"बघ," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गाडीचा दिवा लागला तर मला लगीच सांगितलंस. डॉक्टर काय म्हणलं ते का न्हाय सांगितलं?"

"धीर झाला न्हाई," मी म्हणाले. लहानपणची बोली आपोआप तोंडात आली.

"आता सांग."

मी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, वाढणार आहे ते सांगितलं, गोळी जीवनसत्त्वाची नाही ते सांगितलं. मीठ, जेवण, खालच्या मजल्याची कडी, सगळं. मी रडत होते. त्यांचे डोळे कोरडे होते.

माझं बोलून झाल्यावर त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. वहीचं पान होतं, घड्यांवर विरलेलं, म्हणजे कित्येकदा उघडलेलं. "हे वाच," ते म्हणाले. "काय चुकलं असंल तर दुरुस्त कर. तुझं ते कामच हाय."

आप्पांचं अक्षर मोठं आणि तिरकं आहे. वर माझं नाव होतं आणि पुढं 'माझी मुलगी, शाळेत मास्तरीण'. खाली माझा फोन नंबर, इमारतीचं नाव, मजला, दाराचा रंग. मग भावाचं नाव आणि नंबर. मग आईचं, 'लक्ष्मी वारली, तिला हाक मारू नये, सुमन रडते.' मग 'दुपारचं जेवण झालं की ताट पालथं ठेवायचं.' मी सगळं तपासलं. कुठंही चूक नव्हती.

सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून, लिहिलं होतं: 'आपल्याला कळलंय हे सुमनला कळू देऊ नये. ती घाबरते.'

"ती शेवटची वळ आता नगं," आप्पा म्हणाले.

मी पर्समधून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. आप्पांनी कागद परत घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चल, काढ गाडी."